अंधार चित्रित करण्याचा खर्च : ग्वाल्हेरात मित्रांनी मिळून केलेला भयपट

गोठीतला यांनी लिहिले :

गेल्या खरमासात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आम्ही सहा मित्रांनी ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घरी आणि त्या घरामागच्या गल्ल्यांत, 32 मिनिटांचा एक मराठी भयपट चित्रित केला. आमच्यापैकी कोणीही या व्यवसायातला नाही; एक जण बँकेत आहे, दोघे शिकवतात, एकाचे औषधांचे दुकान आहे, एक अजून नोकरी शोधतो आहे आणि मी हिशेबतपासनिसाच्या हाताखाली काम करतो, त्यामुळे पैशांची नोंद मात्र चोख राहिली. एकूण 71,400 रुपये खर्च झाले. मागे इथल्याच एका चर्चेत "भयपट सर्वांत स्वस्तात होतो, कारण अंधारात काही दाखवावेच लागत नाही" असे मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. ते विधान मागे घेण्यासाठी हा धागा काढला आहे. भूत आम्हाला जवळजवळ फुकट मिळाले. पैसे मोजावे लागले ते अंधाराचे.

कथा चकव्याची आहे. माझी आजी सांगत असे की चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर निघाला होता तिथेच उभा असतो. अशा वेळी चालणे थांबवून आहे त्या जागी बसून राहावे, म्हणजे उजाडल्यावर वाट आपोआप दिसते. आमचा नायक रात्रीच्या गाडीने ग्वाल्हेर स्टेशनवर उतरतो, धुक्यामुळे रिक्षा मिळत नाही म्हणून पायी निघतो आणि निंबाळकरांच्या गोठीपर्यंत येऊनही त्याला घर सापडत नाही. पुढे कोणीतरी आजोबांची शाल पांघरून चालले आहे, हाक मारली तरी ते थांबत नाही, आणि वळणे बदलून पाहिली तरी नायक पुनःपुन्हा त्याच पिंपळाच्या पाराशी येतो. या भुताला चेहरा नाही, रंगभूषा नाही, संगणकावरची करामत नाही. ज्यांनी लष्कर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे छावणी घातली आणि तिचेच पुढे शहर झाले. सरदारांच्या वस्त्यांना आजही निंबाळकर की गोठ, चिटणीस की गोठ असेच म्हणतात, आणि त्यांतल्या गल्ल्या एकमेकींत अशा शिरलेल्या आहेत की चकव्याला स्वतःहून फारसे काही करावे लागत नाही.

खरमास निवडण्याची कारणे दोन. साधारण 16 डिसेंबरपासून मकर संक्रांतीपर्यंत इकडे लग्ने होत नाहीत, त्यामुळे लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्यांचे कॅमेरे, दिवे आणि ते स्वतःही महिनाभर रिकामे असतात. ज्या गृहस्थांनी नोव्हेंबरात एका रात्रीचे 4,500 रुपये सांगितले होते, त्यांनीच खरमासात कॅमेरा, दोन लेन्सा, दोन एलईडी पॅनेल आणि तिपाई मिळून 2,000 घेतले, आणि पहिल्या रात्री तर हौसेने स्वतः येऊन बसले. दुसरे कारण असे की ग्वाल्हेरचे दाट धुके याच महिन्यात पडते. धूर सोडणारे यंत्र भाड्याने आणून मोकळ्या गल्लीत धुके उभे करणे आम्हाला परवडलेच नसते.

आता चूक सांगतो. पहिल्या तीन रात्री कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दृश्य जितके काळोखे दिसावे असे मनात होते तितके काळोखे ठेवून आम्ही चित्रित केले, आणि गल्लीत एक पॅनेल वगळता उजेडच ठेवला नाही. गारठ्यात, अंधारात, त्या तीन इंची पडद्यावर ते फार सुंदर दिसत होते. घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा नायक कुठे आहे हेच कळेना. उजळून पाहावे तर काळ्या भागात मुंग्या वळवळाव्यात तसे दाणे दिसू लागले. कॅमेऱ्यातल्या संवेदकावर उजेडच पुरेसा पडला नाही, तर जे थोडे टिपले जाते त्यात त्याचा स्वतःचा गोंगाट मिसळलेला असतो, आणि नंतर उजळताना चित्राबरोबर तो गोंगाटही तेवढाच उजळतो. आम्ही दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या संगणक प्रणालीची विनाशुल्क आवृत्ती वापरत होतो आणि दाणे कमी करण्याची सोय तिच्यात नाही, ती पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीतच मिळते. तीन रात्रींचे काम वाया गेले.

त्यानंतर आम्ही उलट केले. चित्रीकरणाच्या वेळी भरपूर उजेड, आणि अंधार नंतर संगणकावर. भरपूर म्हणजे सगळीकडे नव्हे. अंधार हा डोळ्याला तुलनेने कळतो. चौकटीत एखादी खिडकी, एखादा ओला दगड किंवा खांद्याची एक कड उजळलेली असली की उरलेले सारे आपोआप गडद वाटते. धुक्यात तर दिवा पात्राच्या मागेच हवा. समोरून दिवा लावला की गाडीच्या मोठ्या दिव्यांपुढे होते तशी पांढरी भिंत उभी राहते. मागून लावला तर धुक्याचे थेंब तो उजेड मुख्यतः पुढच्याच दिशेला फेकतात, सगळी गल्ली दुधासारखी पेटते आणि तिच्यात माणसाची फक्त काळी आकृती उरते. शाल पांघरलेली ती आकृती प्रथम दिसली तेव्हा तिच्या आत आमचा औषधांच्या दुकानवाला आहे हे माहीत असूनही कोणी काही बोलेना.

हिशेब असा : ठरलेल्या 11 रात्रींचे भाडे 22,000 आणि फेरचित्रीकरणाच्या तीन रात्रींचे 6,000; आवाज टिपण्याचे जुने यंत्र आणि दोन माइक 9,000; दोन हार्ड डिस्का 13,000; तारा, बल्ब, काळे कापड 4,300; चहा, बेढई (सारण भरलेली पुरी), गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) आणि रात्रीची जेवणे 11,600; पेट्रोल आणि रिक्षा 3,500; किरकोळ 2,000. खाण्यावरचा खर्च कोणाला जास्त वाटल्यास त्यांनी जानेवारीत पहाटे तीन वाजता लष्करात उभे राहून पाहावे.

एक बारीक गोष्ट, जी आम्हाला त्या लग्नवाल्या गृहस्थांनी सांगितली नसती तर आणखी रात्री गेल्या असत्या : आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीवर उजेड पडू देण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठेवावे. 1/60 ठेवल्यास रस्त्यावरचे दिवे आणि घरातल्या ट्यूबलाइटी चित्रात लुकलुकताना दिसतात.

सराफ्यातला यांनी लिहिले :

इंदूरहून लिहितो आहे. आम्ही मित्रांनी चार वर्षांपूर्वी असाच प्रयत्न केला होता, फरक इतकाच की आमच्या कथेत रक्त फार होते. हलवायाकडून ग्लुकोजचे सिरप आणून त्यात खाण्याचा लाल रंग आणि कोको पावडर घातली; कोकोमुळे रंगाचा भडकपणा जातो आणि रक्त दाट दिसते. बिटाच्या रसाच्या नादी कोणी लागू नये, तो कापडावर गुलाबी दिसतो. एप्रिलचा महिना होता आणि मृताचे काम करणारा मित्र फरशीवर पडून होता. तिसऱ्या चित्रणाला मृत हलू लागला, कारण त्याच्या मानेवर मुंग्यांची रांग लागली होती. साखरेच्या रक्ताचा हा दोष कोणत्याही पुस्तकात आम्हाला सापडला नव्हता.

माझा प्रश्न असा आहे की दिवसा चित्रित करून रात्र भासवण्याचा जुना उपाय तुम्ही करून पाहिला नाही का? त्यात दिव्यांचा खर्च वाचला असता.

गोठीतला यांनी लिहिले :

केला, आणि धुक्यामुळेच तो साधला. दिवसाची रात्र उघडी पडते ती दोन गोष्टींमुळे, आकाश आणि उन्हाच्या सावल्या. सकाळी सातच्या दाट धुक्यात आकाशही नसते आणि सावलीही नसते. चित्र मुद्दाम थोडे गडद ठेवून नंतर निळसर केले, की पाराजवळचे प्रसंग रात्रीचेच वाटतात. अडचण एवढीच की अशा वेळी खिडकीतला दिवा पेटलेला दिसत नाही, म्हणून घरांच्या खिडक्या असलेले एकही दृश्य आम्हाला सकाळी घेता आले नाही. शिवाय सातला दूधवाला येतो. एका चित्रणात चकव्याच्या मागून दूधवाला येतो आहे आणि तो चकव्याला ओळखून नमस्कार करतो आहे, ते दृश्य आम्ही जपून ठेवले आहे.

कानोसा यांनी लिहिले :

मी आकाशवाणीवर बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे, त्यामुळे माझे मत एकांगी वाटू शकेल, तरी सांगतो. तुम्ही पाठवलेल्या दुव्यावरून चित्रपट पाहिला. चित्र उत्तम आहे. घरातल्या प्रसंगांत मात्र सुरुवातीला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि पुढे तो अचानक सुधारतो. लष्करातल्या जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या आणि छते दगडी पट्ट्यांची असल्यामुळे शब्द संपल्यावरही खोली बोलत राहते. तुम्ही मध्येच काही उपाय केला असावा, तो इतरांसाठी लिहावा.

दुसरे असे की प्रत्येक खोलीत चित्रीकरण संपल्यावर सर्वांनी श्वास रोखून एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवावी. नवख्यांना हे हास्यास्पद वाटते. पण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि संपादनात दोन वाक्यांच्या मध्ये तीच खोली पसरवली नाही तर तिथे आवाजात भोके पडतात. भयपटात प्रेक्षक त्या शांततेलाच कान लावून बसलेला असतो, त्यामुळे इथे ती भोके फार जाणवतात.

गोठीतला यांनी लिहिले :

उपाय रजयांचा. पाचव्या रात्रीपासून घरातल्या आणि शेजारच्या मिळून 14 रजया आम्ही कॅमेऱ्याच्या मागे दोऱ्यांवर वाळत घातल्यासारख्या टांगल्या आणि दोन जमिनीवर अंथरल्या. आवाज लगेच जवळ आला. कलाकार एकेका रजईकडे ज्या नजरेने पाहत होते ती नजर मात्र अभिनयाची नव्हती.

काही आवाज आम्ही नंतर घरीच तयार केले. शेवटी चकव्याची मान वळते, तेव्हा येणारा कडकड आवाज गजक मोडल्याचा आहे. उसाचे कांडे आणि मुळा दोन्ही मोडून पाहिले होते, पण त्यांत पाणी असल्यामुळे आवाज ओला येतो. गजकेचे पापुद्रे कोरडे असतात आणि एकामागोमाग एक तुटतात, त्यामुळे मान एकदम न मोडता हळूहळू वळते आहे असे वाटते. याच एका प्रसंगासाठी पाऊण किलो गजक खर्ची पडली. मुद्रणानंतर ती खाल्ली गेली, म्हणून हिशेबात ती खाण्यातच धरली आहे.

दाल बाजारचा यांनी लिहिले :

या चित्रपटाशी माझा संबंध प्रेक्षक होण्याच्या आधीपासूनचा आहे. डिसेंबरअखेरच्या एका रात्री दोनच्या सुमारास आमच्या गल्लीत एका पुरुषाची किंकाळी ऐकू आली. आम्ही चौघे जण काठ्या आणि एक क्रिकेटची बॅट घेऊन खाली उतरलो, समोरच्या घरातून कोणीतरी पोलिसांना फोन केला, आणि धुक्यात आम्हाला दिसले ते असे की शाल पांघरलेला एक माणूस पाठमोरा उभा आहे आणि दुसरा त्याला "अजून एकदा, पण जरा मनापासून" असे सांगतो आहे. आता हसू येते, त्या वेळी आले नव्हते. आमच्या घरात हृदयविकाराचे एक ज्येष्ठ आहेत.

गोठीतला यांनी लिहिले :

आपली क्षमा त्या रात्रीही मागितली होती, पुन्हा मागतो. इतरांना उपयोग व्हावा म्हणून सांगतो की आम्ही जवळच्या ठाण्यात तारखांसह अर्ज देऊन त्याची पोच घेतली होती, त्यामुळे पोलीस आले तेव्हा पाच मिनिटांत समजूत पटली. शेजाऱ्यांच्या दारावर मात्र चिठ्ठी लावायची राहून गेली होती, आणि खरी परवानगी तीच असते. त्यानंतर एकही किंकाळी रात्री दिली गेली नाही. सगळ्या किंकाळ्या दुपारी, आतल्या खोलीत, रजया टांगून मुद्रित केल्या आणि नंतर चित्रावर बसवल्या. रात्री नायक केवळ तोंड उघडतो.

माहेरवाशीण यांनी लिहिले :

मी लष्करातलीच, आता पुण्यात असते. चित्रपट सासरच्या मंडळींबरोबर पाहिला. शेवटच्या प्रसंगात नायक धापा टाकत घरात शिरतो आणि आतून आजीचा आवाज येतो, "कुंडी लावलीस का?" माझ्या अंगावर काटा आला, कारण माझी आजी रोज रात्री अगदी याच शब्दांत विचारत असे. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आत्ता रात्री कसली झाडे लावायची आहेत यांना?" त्यानंतर पुढची दोन मिनिटे आमच्याकडे कोणीही घाबरले नाही.

ग्वाल्हेरची मराठी पडद्यावर ऐकायला मिळाली याचा मला आनंदच आहे, आणि ती पुसून पुण्याची करावी असे मी अजिबात म्हणणार नाही. पण दाराच्या कडीला आपण कुंडी म्हणतो हे बाहेरच्या मराठी माणसाला कळण्याचा मार्ग नाही, आणि नेमक्या त्या क्षणी त्याने विचार करायला थांबणे चित्रपटाला परवडणारे नाही.

गोठीतला यांनी लिहिले :

यावर आमच्यात अक्षरशः भांडण झाले. संवाद लिहिणाऱ्या मित्राचे म्हणणे होते की आजी "कडी" म्हणाली तर ती आमची आजी राहतच नाही. शेवटी शब्द तोच ठेवला आणि त्याच्या आधी साडेतीन सेकंदांचे एक चित्र घातले : दाराची लोखंडी कडी, सुटलेली, साखळीवर किंचित हलत असलेली. आपण पाहिली ती जुनी प्रत होती. नव्या प्रतीत आजीने विचारण्याच्या आधी प्रेक्षकाने ती कडी पाहिलेली असते, त्यामुळे शब्दाचा अर्थही लागतो आणि ती लावलेली नाही हे नायकाच्या आधी प्रेक्षकाला कळते. आपल्या सासूबाईंना कृपया ही प्रत दाखवावी.

मांडवीजवळ यांनी लिहिले :

आम्ही वडोदऱ्याचे पाच जण पुढच्या हिवाळ्यात असे काही करण्याच्या विचारात आहोत. दोन कल्पना आहेत. एक मुंजाची, जिच्यात माझा नऊ वर्षांचा भाचा काम करील. दुसरी म्हणजे आपण सारे शाळेत असताना ज्यांच्या कथा पांघरुणात वाचत होतो, अशा एका दिवंगत लेखकांच्या कथेवर चित्रपट करण्याची. आमच्याकडे धुके नाही, जुना वाडा मात्र आहे. खर्च आम्ही समान वाटून घेणार आहोत आणि सगळेच निर्माते असणार आहोत. यात काही अडचण येईल का?

वकिली चष्मा यांनी लिहिले :

अडचणी तिन्ही ठिकाणी आहेत, पण सुटणाऱ्या आहेत.

दिवंगत लेखकाच्या कथेवरचा प्रताधिकार आपल्याकडे मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. लेखक 2008 मध्ये वारले असतील तर 2068 संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागणार. "श्रेयनामावलीत नाव दिले आहे" हे उत्तर न्यायालयात चालत नाही. परवानगी घेताना कालावधी आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावा, कारण 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करताना कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. यूट्यूबवर टाकलेला चित्रपट भारताबाहेरही दिसतो, हे लक्षात असू द्यावे. मुंजा ही लोककल्पना असल्यामुळे तिच्यावर कोणाचा हक्क नाही. मुंजावरचा दुसऱ्याचा प्रसंग किंवा संवाद मात्र उचलता येणार नाही.

भाच्याबद्दल. 14 वर्षांखालील मुलाकडून चित्रपटात काम करून घ्यायचे तर 2017 मध्ये सुधारलेल्या बालकामगार नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी नऊ वर्षांच्या मुलाला पहाटे दोनला पिंपळाखाली उभे करू नये. त्याची पाठमोरी दृश्ये लहानखुऱ्या चणीच्या मोठ्या माणसाला घेऊन करावीत.

आणि "सगळेच निर्माते" हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता हा त्याचा निर्माता असतो, म्हणजे उद्या कोणी चित्रपट विकत मागितला तर पाचही जणांच्या सह्या लागतील, आणि तोपर्यंत त्यांतला एक जण परदेशी गेलेला असेल आणि दुसऱ्याशी तुमचे बोलणे बंद असेल. एकाला निर्माता ठरवून बाकीच्यांचा वाटा, श्रेय आणि मध्येच सोडून गेल्यास काय, हे दोन पानांत लिहून सह्या कराव्यात, तेही चित्रीकरणाच्या आधी आणि मैत्री शाबूत असताना.

जाता जाता प्रदर्शनाविषयी. यूट्यूबसाठी चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. चित्रपटगृहात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपात सर्वांसाठी खुला खेळ लावायचा असेल तर 1952 च्या कायद्याखालचे ते सार्वजनिक प्रदर्शन ठरते आणि प्रमाणपत्र लागते. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचा) या वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग झाले आहेत. चित्रपट महोत्सवांना केंद्र सरकारकडून सूट मिळू शकते.

परीक्षक नव्हे यांनी लिहिले :

सगळ्यांनी इतके कौतुक केले आहे की मला थोडे खवचट होणे भाग आहे. हौशी मंडळी भयपटच का करतात? कारण त्यात नावाजलेला नट लागत नाही आणि अभिनय बेताचा असला तरी अंधार सांभाळून घेतो. मग दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात, सुमारे 15,000 डॉलरांत केलेल्या "पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी"चा दाखला दिला जातो. तो आकडा फक्त मूळ चित्रीकरणाचा आहे, हे कोणी सांगत नाही. 2007 मध्ये महोत्सवात दाखवलेला तो चित्रपट सर्वत्र लागला 2009 मध्ये, आणि त्याआधी मोठ्या कंपनीने तो विकत घेऊन शेवट बदलला आणि जाहिरातीवर स्वतःचा पैसा ओतला. तेव्हा 71,400 रुपयांचा हिशेबही अर्धाच आहे, असे मी म्हणेन. सहा जणांच्या 14 रात्रींचे मोल त्यात कुठे आहे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी हा चित्रपट दुपारी, बसमध्ये, मोबाइलवर पाहिला. तुमच्या त्या सुंदर अंधारात मला माझाच चेहरा दिसत होता. पाराजवळ जी खोल घुमणारी गुरगुर असल्याचे लोक सांगतात, ती मला ऐकूच आली नाही.

कानोसा यांनी लिहिले :

गुरगुर ऐकू न येण्याचे कारण साधे आहे : मोबाइलच्या स्पीकरला इतके खालचे सूर झेपतच नाहीत. त्या खालच्या आवाजाला जोडून थोडा वरच्या पट्टीतला खरखरीत थर ठेवला, तर लहान स्पीकरवर निदान त्याची चाहूल लागते. हेडफोन लावून पाहावे अशी विनंती सुरुवातीला लिहिलेली आहे. ती बसमधल्या प्रेक्षकासाठीच होती.

गोठीतला यांनी लिहिले :

परीक्षक नव्हे यांचा पहिला आक्षेप मान्य. सहा जणांच्या 14 रात्री, म्हणजे ढोबळ मानाने 84 रात्रपाळ्या, आम्ही हिशेबात शून्य धरल्या, आणि त्यांचे पैसे द्यायची वेळ आली असती तर चित्रपट झालाच नसता. त्यातही नोकरी शोधणारा मित्र, जो नायक होता, त्याला सातव्या रात्रीनंतर मुलाखतीचे बोलावणे आले आणि तो दाढी करून दिल्लीला निघून गेला. कथेतल्या एकाच रात्रीत नायकाची दाढी येते-जाते असे झाले असते. त्यातून वाट सापडली ती थंडीमुळे : कानटोपी, मफलर आणि शाल घातल्यावर धुक्यात आम्ही सहाही जण एकसारखेच दिसत होतो. उरलेल्या पाठमोऱ्या दृश्यांत नायक मी आहे, पुढे चालणारा चकवाही काही दृश्यांत मीच आहे, आणि हे माझ्या इतके उशिरा ध्यानात आले की शेवट मग त्यावरूनच लिहिला. पुढचा जेव्हा मान वळवतो तेव्हा त्याच्या कानटोपीला मागे नायकाच्याच टोपीसारखे उसवलेले टाके दिसतात. तो शेवट मूळ संहितेत नव्हता.

दुसरा आक्षेप मात्र मला लागला. आता एक प्रत मोबाइलसाठी थोडी उजळ करून निराळी काढतो आहे. संपादन करताना मी दिवे घालवून मोठ्या पडद्यावर पाहत होतो. ते भर दुपारी खिडकीशी बसून, फोनवरही पाहायला हवे होते.

मांडवीजवळ यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. गारठ्यातून कॅमेरा थेट उबदार खोलीत आणला की लेन्सवर दव धरते. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आत आणावा आणि अर्धा तास उघडू नये. थंडीत बॅटरीही लवकर उतरतात, म्हणून आमच्या जादा बॅटरी सगळ्या रात्री कोणाच्या ना कोणाच्या बंडीच्या आतल्या खिशात होत्या. वडोदऱ्याचा हिवाळा एवढा कडक नसतो म्हणा.

सराफ्यातला यांनी लिहिले :

किल्ल्यावरून धुक्यात बुडालेल्या शहराचे एखादे दृश्य का घेतले नाही? ड्रोन तर हल्ली प्रत्येक लग्नवाल्याकडे असतो.

गोठीतला यांनी लिहिले :

मोह झाला होता. पण किल्ला पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, तिथे चित्रीकरणाला रीतसर परवानगी आणि शुल्क लागते. ड्रोनचा तर विचारही करू नये. शहराला लागून महाराजपुऱ्याचा हवाई दलाचा तळ आहे, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात, म्हणजे उड्डाणबंदीच्या भागात, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. शिवाय चकवा लागलेल्या माणसाला शहर वरून दिसले, तर त्याला घर सापडेल.

पुढच्या खरमासात दुसरा चित्रपट करायचा आहे. त्यात एक चौकोनी अंगण हवे आहे, मधोमध तुळशीवृंदावन आणि वर चारही बाजूंनी दगडी जाळीचे सज्जे असलेले. असे अंगण आमच्या माहितीत दाल बाजारात एकच आहे, आणि त्याचे मालक बॅट घेऊन खाली आले होते. त्यांना विचारण्याचे धाडस मी इथे, सर्वांच्या देखत करतो आहे.

दाल बाजारचा यांनी लिहिले :

अंगण देण्यास हरकत नाही. रजया आमच्याकडे आठ आहेत, त्याही मिळतील. किंकाळ्या मात्र दुपारी साडेतीनच्या आत आटोपाव्यात, कारण चारला आईकडे मुले संस्कृतच्या शिकवणीला येतात.